घळीतली बोबडी टर्की

२ मार्च

क्लिंट,

तुमच्या नाताळातल्या पत्राला आज उत्तर देतो आहे. उशीर झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. कारणं सांगायची तर शाळेच्या परीक्षा होत्या, छपराच्या पन्हळी तुंबल्या होत्या, कॉरिनची आई आजारी होती. यातलं काहीच खोटं नाही, पण उशीर त्यामुळे झालेला नाही. तुमच्या पत्रातल्या एका वाक्याला काय उत्तर द्यावं ते मला ठरवता येत नव्हतं.

तुम्ही लिहिलं होतं, "झेलाला टर्कीच्या रानात पहिल्यांदा मी नेणार. तुम्ही नाही."

झेला तुमची मुलगी आहे. तिच्या आईशी आता माझं लग्न झालंय, ती माझ्या घरात वाढते आहे, सकाळी तिच्या डब्यात सँडविच मी भरतो. पण यातल्या कशाने ती तुमची मुलगी असण्यात तसूभर कमी होत नाही. हे मला बुद्धीने पटतं. तरी ते वाक्य वाचून मला राग आला. हक्काचं वाक्य लिहिणाऱ्या माणसाचा राग येतो आहे, की तो हक्क आपल्याला नाही याचा, हे शोधण्यात माझा हिवाळा गेला. उत्तर मिळालं, पण ते मला फारसं शोभणारं नाही, म्हणून लिहीत नाही.

फोनही करता आला असता. पण फोन कॉरिन उचलते, मग तुमचं दोघांचं सुरू होतं, आणि मी आणि झेला मुकाट्याने अंगणात जाऊन उभे राहतो. थंडीत ते परवडत नाही. म्हणून पत्र.

तिची खुशाली सांगतो. तिचे वरचे पुढचे दोन्ही दात पडलेत. त्यामुळे 'स' म्हणायला गेली की वाऱ्यासारखा आवाज येतो. तुम्ही स्वयंपाकघरातल्या खणात विसरून गेलेली टर्कीला हाक घालायची लाकडी डबी तिला सापडली आहे. सकाळ-संध्याकाळ ती डबीचं झाकण घासत असते. कुत्रा पलंगाखालून बाहेर यायला तयार नाही. कॉरिनने डबी फ्रीजवर नेऊन ठेवली, तर झेला खुर्ची ओढायला शिकली.

तेव्हा माझं उत्तर असं. पहिल्यांदा तुम्हीच न्या. फक्त मुलांसाठी राखलेले टर्कीच्या शिकारीचे दोन दिवस यंदा बारा आणि तेरा एप्रिलला आहेत. तुम्ही कामाला असता ती बोट तेव्हा नदीत कुठे असेल मला माहीत नाही. येणार असाल तर कळवा, येणार नसाल तरी कळवा. ती रोज विचारते, आणि मला तिला काहीतरी सांगावं लागतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, पण ती पुढच्या पत्रात.

एव्हरेट


२३ मार्च

क्लिंट,

तुमचं कार्ड मिळालं. पुढे पुलाचं चित्र, मागे दोनच वाक्यं, "येतो. तिला सांगा."

सांगितलं. तिने कार्ड फ्रीजच्या दाराला अगदी खाली लावलं आहे, तिच्या डोळ्यांसमोर येईल असं. मला ते वाचायला उकिडवं बसावं लागतं. कॉरिनने उभ्यानेच वाचलं आणि म्हणाली, "हा माणूस 'येतो' म्हणाला म्हणजे एक तर येईल, नाहीतर येणार नाही." मी हसलो. मग तीही हसली. तुमच्या नावावर ती घरात हसली, ही नोंद घ्यावी.

आता ती राहिलेली गोष्ट. झेलासाठी रानात मिसळून जाणारा ठिपक्याठिपक्यांचा कोट आणि रबरी बूट मी फेब्रुवारीतच आणले होते. म्हणजे तुम्हाला 'तुम्हीच न्या' असं लिहायच्या आधी. मी स्वतःला सांगितलं की सेलमध्ये होते. सेल होता हे खरं आहे. पण कपाटात तो कोट लपवून ठेवताना मी त्याच्या शेजारी माझा कोट टांगला आणि दोन्हीकडे थोडा वेळ बघत उभा राहिलो, हेही खरं आहे. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. आता तो कोट तिच्या अंगावर आहे आणि ती तो झोपतानाही काढत नाही.

नेणार तुम्ही, पण तयारी करून ठेवायला हरकत नसावी. शेजारच्या ओटिसच्या कुरणात कागदी थाळी खुंट्याला ठोकून आम्ही बंदूक चालवून पाहिली. छोटी एकनळी आहे, माझ्या मामाची. पहिल्या बाराला ती मागे बसली आणि थाळीऐवजी माझ्याकडे बघून म्हणाली, "मी मुद्दाम बसले." दुसऱ्या बाराला थाळीची चाळण झाली. ती थाळी तिच्या खोलीत लावली आहे.

नेम जमतोय. गप्प बसणं जमत नाही. रोज जेवणानंतर आम्ही मागच्या ओसरीवर भिंतीला टेकून सराव करतो.

"एव्हरेट, टर्कीला आपण दिसतो?"

"हललो तर दिसतो. बोललो तर ऐकूही येतो."

"वास येतो?"

"वास नाही येत."

"मग पादलं तर चालेल?"

"हळू."

यावर ती इतकी हसली की सराव तिथेच संपला. तुम्ही तिला नेणार आहात तर तुम्हाला कल्पना असलेली बरी.

एव्हरेट


११ एप्रिल, शुक्रवार संध्याकाळ

क्लिंट,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुम्ही आलात तर तुमच्या हातात देईन.

बुधवारपासून पाऊस थांबलेला नाही. ओढा पुलाच्या फळ्यांना लागलाय. ओटिसकडे सकाळीच जाऊन आलो. त्याच्या टेकडीवर, कुरणात, खालच्या घळीत कुठेही जा म्हणाला. तुम्ही येणार आहात हे मी सांगितलं तर तो नुसता मान हलवून तंबाखू थुंकला. ओटिस कशावरच बोलत नाही, त्यामुळे त्यातून मी काही अर्थ काढला नाही.

अंधार पडत आला आणि तुमचा पत्ता नाही. झेला खिडकीला नाक लावून बसली आहे. सकाळपर्यंत तुम्ही आला नाहीत तर मी काय करायचं?

कॉरिनला विचारलं.

ती बटाटे सोलत होती. म्हणाली, "बाहेर धो धो पाऊस, मुलगी सात वर्षांची, आणि दोन बाप्ये एका पक्ष्यावरून पत्रव्यवहार करतायत. मला कुणी विचारलं तर..."

"मीच विचारतोय."

"तर जाऊ नका. पण ती रडायला लागली की समजूत तू घालायचीस. मी नाही."

मी ठरवलं आहे, आठ वाजेपर्यंत थांबायचं. पावसात टर्की उशिराच हालचाल करतात. झाडांवरून थेंब टपकत असले की त्यांना रानात काही ऐकू येत नाही, म्हणून ती उघड्या कुरणाकडे येतात, आणि तेही सावकाश. तेव्हा आठपर्यंत थांबल्याने शिकार बुडत नाही. हा युक्तिवाद बिनचूक आहे. मला तो सोयीचा आहे म्हणून बिनचूक वाटतोय का, हेही तपासून पाहिलं. तरी बिनचूकच वाटतो.

आठनंतर मात्र मी तिला घेऊन जाईन. तुम्हाला दिलेला शब्द मोडून जाईन, आणि ते तुम्हाला लेखी कळवतो आहे.

एव्हरेट


१४ एप्रिल, सोमवार

क्लिंट,

काल ट्रकमध्ये चढताना तू म्हणालास, "मास्तर, पत्रात हे तुम्ही-तुम्ही बंद कर. शाळेतून नोटीस आल्यासारखं वाटतं." म्हणून आजपासून तू. हात अजून अडखळतोय, पण लिहितोय.

आणखी एक म्हणालास, शनिवारी तुमच्या बाजूने काय काय झालं ते सगळं लिहून पाठव, बोटीवर पुन्हा वाचायला. तर घे. शुक्रवारचं पत्रही यासोबत ठेवतो.

शनिवारी मी उठलो तेव्हा झेला पुढच्या पायरीवर बसलेली होती. कोट, बूट, डोक्यावर टोपी, मांडीवर तुझी डबी पावाच्या पिशवीत गुंडाळून. रस्त्यावरून ट्रक गेला की उभी राहायची, पुढे गेला की बसायची. मी तिला दूध-बिस्किटं बाहेरच आणून दिली. आठ वाजले तेव्हा मी शेजारी जाऊन बसलो.

"डॅडी येतो म्हणाला होता," ती म्हणाली.

"हो."

"की तू म्हणालास, तो म्हणाला म्हणून?"

"त्यानेच लिहिलं होतं. तू कार्ड पाहिलंस ना."

"मग खोटं कोण बोललं?"

"कुणीच नाही. ओढ्याला पाणी आलंय, रस्ता बंद असेल."

रस्ता बंद आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं. तिला मात्र ते पटलं. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "आपण हळूहळू जाऊ या. म्हणजे त्याला मागून येता येईल." मग आवाज नीट यावा म्हणून डबीच्या झाकणाला घासायचा खडू काढून तिने पायरीवर घळीच्या दिशेने बाण काढला. आम्ही फाटकापर्यंत पोचेस्तोवर पावसाने तो पुसला होता. मी वळून पाहिलं होतं, तिला सांगितलं नाही.

ती खरंच हळू चालली. प्रत्येक झाडाखाली थांबायची. कुंपणाजवळच्या पडलेल्या एल्म झाडाखाली तिला अळंबी सापडली, पावसाने फुगलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. टोपी भरून तोडली. "टर्की नाही मिळाली तर आईला सांगू, आम्ही यांचीच शिकार केली," म्हणाली. "आणि सांगायचं, त्या पळत होत्या."

घळीच्या अलीकडच्या काठावर तो मोठा पांढरा ओक आहे ना, त्याच्या बुंध्याला पाठ लावून आम्ही बसलो. बंदूक माझ्या गुडघ्यावर, ती माझ्या दोन पायांच्या मधे. पाऊस पानांवरून टप टप करत होता. मी पिशवीतून डबी काढली. पिशवीला भोक होतं. डबीतून टर्कीऐवजी गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज आला. झेलाने मान वळवून माझ्याकडे अशी काही नजर टाकली की, क्लिंट, वर्गातल्या पोरांनीसुद्धा कधी टाकली नाही.

"मी करते," ती कुजबुजली.

"कशाने?"

"तोंडाने."

मी नको म्हणणार होतो. पण तिने टाळ्याला जीभ लावून हाक घातली. क्याँफ, क्याँफ, क्याँफ. दात नसल्यामुळे प्रत्येक हाकेच्या शेवटी हवा निसटत होती. बोबडी मादी. असा आवाज ऐकून कुठलाही शहाणा नर दुसऱ्या जिल्ह्यात निघून जाईल, असं माझ्या मनात आलं.

आणि घळीच्या पलीकडून उत्तर आलं.

खरं सांगतो, इतकी सुंदर मादी मी आजवर ऐकली नव्हती. भरदार, जरा घोगरी, शेवटी किंचित खाली उतरणारी. म्हटलं, इतकी बोलकी मादी आहे म्हणजे तिच्या मागे नर असणारच. ही इकडे आली की तोही येईल. मी झेलाच्या कानात सांगितलं, "पुन्हा घाल. तिला चिडव."

तू काल सांगितलंस की नेमका हाच विचार तू पलीकडे बसून करत होतास. तुझ्या तोंडात टाळूला चिकटवून टर्कीची हाक काढायची ती रबरी पट्टी, पावसात न बिघडणारी. आणि मनात, "ही मादी तरणी दिसतेय, सर्दी झालीये बिचारीला, हिला ओढली की नर येईल." म्हणजे एका घळीच्या दोन काठांवर बसून दोन मोठी माणसं एकमेकांना टर्की समजून लाडीगोडी लावत होती, आणि त्यातल्या एकाच्या वतीने एक सात वर्षांची मुलगी.

ती हाक घालायची, तू उत्तर द्यायचास. ती चिडवायची, तू खुलायचास. बराच वेळ हे चाललं. मग ढग गडगडला, आणि त्या गडगडाटावर, अगदी मधोमध घळीच्या तळातून, खरा नर आरवला. गडगडाटाला उत्तर द्यायची त्यांची ती खोड तुला माहीतच आहे. झेलाने माझी बाही धरली.

तो पुन्हा आरवला नाही. खाली छत्रीसारख्या पानांची झुडपं दाटलेली, त्यातून कुठेतरी तो चालत असणार. दोन्हीकडून बोलावणं, आणि बिचाऱ्याला ठरवता येत नव्हतं. त्याच्याविषयी मला तेव्हा जी आपुलकी वाटली तिचं कारण मी नंतर शोधेन.

मी बंदूक तिच्या खांद्याला लावून दिली. तिने गाल टेकवला. पलीकडची मादी जवळ आली होती. म्हणजे तू सरकत होतास. आणि तेवढ्यात झेला एकदम ताठ झाली.

"एव्हरेट. ही मादी खोकते."

"काय?"

"हाक घालते, मग खोकते. टर्की खोकतात?"

"पावसात खोकत असतील." मी महाविद्यालयात शिकलेला माणूस आहे, क्लिंट, आणि मी हे वाक्य गंभीरपणे बोललो.

"ही डॅडीसारखी खोकते."

मग मीही ऐकलं. तीन हाका, आणि घसा साफ करणारी ती तुझी बारीक खाकर, जी तीन वर्षांपूर्वी मीही फोनवर ऐकली होती. तुझ्याकडे बंदूक नव्हती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आधी तिच्या हातातली बंदूक काढून घेतली, नळी बिजागरीवर खाली वाकवून काडतूस काढून खिशात टाकलं, आणि मग नियम सांगितला, जो आपल्याला सगळ्यांना लहानपणी सांगितलेला असतो. रानात समोर माणूस आहे असं वाटलं तर हलायचं नाही, हात हलवायचा नाही. माणसाच्या आवाजात मोठ्याने बोलायचं.

"मोठ्याने?"

"जेवढं जमेल तेवढं."

आणि ती सगळा दम एकवटून ओरडली, "डॅडी, मी टर्की नाहीये!"

झुडपांतून तो नर असा उसळला की जणू कुणी ओली सतरंजी झटकली. आमच्या डोक्यांवरून गेला. त्याच्या पंखांचं पाणी माझ्या तोंडावर उडालं. आमच्यापासून तो किती जवळ होता हे मी तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मग सगळं शांत झालं. थेंब तेवढे टपकत होते. पलीकडून तुझा आवाज आला, "झेला?"

"हो!"

"तू इथं काय करतेयस?"

"तुझी वाट बघतेय!"

पुढचं तुला माहीत आहे. घळ उतरताना तू दोनदा घसरलास ते आम्हाला वरून दिसलं, आणि ती हसता हसता रडत होती हे तुला खालून दिसलं नसेल. म्हणून लिहिलं.

तू आदल्या रात्री उशिरा पोचलास. ओटिसच्या गवताच्या शेडमध्ये ट्रक लावून आत झोपलास. विचार असा की पहाटे नर कुठे आहे ते हेरायचं आणि उजाडताना आमच्या दारात येऊन सांगायचं, "चल, तुझा पक्षी ठरवून आलोय." पावसात एकही आरवेना. आणखी एक घळ बघू, आणखी एक बघू म्हणता म्हणता उशीर झाला. "रिकाम्या हाताने कसा येऊ, मास्तर?" तू म्हणालास. तुझ्या मिशीतून पाणी गळत होतं आणि तू खरंच विचारत होतास.

मग तुझी नजर बंदुकीकडे गेली. "पहिल्यांदा मी नेणार असं ठरलं होतं."

"आठपर्यंत थांबलो," मी म्हणालो.

"आठपर्यंत! काय गाडी सुटणार होती?"

"ती पहाटेपासून पायरीवर बसली होती, क्लिंट."

तुझ्या जबड्याचा स्नायू हलला. माझाही हलला असेल. तेव्हा झेला आपल्या दोघांच्या मधे उभी राहून म्हणाली, "तुम्ही भांडणार असाल तर इथं अंगण नाहीये. मी कुठं जाऊन उभी राहू?"

त्यानंतर भांडण करणं कुणालाच शक्य नव्हतं. तू तिची टोपी बघितलीस आणि म्हणालास, "ही अळंबी एवढी कुठं मिळाली गं?" आणि ती तुला ती जागा दाखवायला घेऊन गेली. मी मागून बंदूक आणि भिजलेली डबी घेऊन आलो. शिकारीला गेलेल्या तीन माणसांत हमाल कोण होता ते इतिहासाला कळावं.

ओटिस फाटकाशी छत्री धरून उभा होता. तू अळंबीत गुंतला होतास म्हणून तुला आमचं संभाषण ऐकू आलं नसेल.

मी म्हटलं, "ओटिस, क्लिंट तुझ्या शेडमध्ये झोपला होता आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस, हो म्हटलं. त्याने विचारलं, हो म्हटलं. तुम्ही एकमेकांना विचारत नाही, हा माझा गुन्हा?" एवढं बोलून तो थुंकला. वर्षभराचं बोलणं त्याने एकदम वापरून टाकलं असावं.

घरात कॉरिन दारातच उभी राहिली. तिने तुला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मला वाटलं, आता. पण तिने विचारलं, "टर्की कुठाय?"

"उडाली."

"कुणी उडवली?"

आपण तिघांनी तीन दिशांना बोटं दाखवली. तिने तुझ्या अंगावर टॉवेल फेकला. "पाय पूस आधी. हे घर आहे, बोट नव्हे." मग लोण्यात परतलेली अळंबी, पावासारखी मऊ गरम बिस्किटं, वर सॉसेजचा पांढरा रस्सा. तू तीनदा वाढून घेतलंस. चौथ्यांदा तिने न विचारता वाढलं.

रविवारी मी घरी थांबणार होतो. शनिवार माझ्या वाट्याला आला, रविवार तुझा, हा हिशेब मला न्याय्य वाटत होता. झेलाला वाटला नाही. "एव्हरेट नाही आला तर ताडपत्री कोण धरणार?" म्हणाली. म्हणून मी ताडपत्रीच्या नावाखाली आलो. ओकाखाली आपण तिघं एका ताडपत्रीत, तुझा ओला कुत्र्यासारखा वास, माझी चष्म्यावरची वाफ, आणि मधे ती. सगळ्यांत शांत तीच बसली होती. तू दोनदा पाय मोकळे केलेस, मला शिंक आली.

आणि तरी तो आला. कोवळा नर, छातीवर दाढीसारखा बोटभर केसांचा झुबका, भिजून झाडूसारखा झालेला. कुरणाच्या कडेने टोचत टोचत आला, थेट समोर. तिने गाल टेकवला, श्वास सोडला, अगदी तू सांगितलंस तसा. आणि चाप ओढण्याआधी मागे घ्यावा लागणारा बंदुकीचा खटका तिच्या अंगठ्याने हलेना. सरावात तो मीच मागे ओढून देत आलो होतो. थंडीत, ओल्या अंगठ्याने तिला जमेना. मी मदतीला हात पुढे केला. त्याच क्षणी तू केलास. ताडपत्रीतून एकदम दोन बाप्यांचे दोन हात बाहेर आलेले त्या पक्ष्याने पाहिले. मान उंचावली, एकदा माझ्याकडे, एकदा तुझ्याकडे, आणि तो जो पळाला तो कुंपणापलीकडे.

झेलाने बंदूक गुडघ्यावर ठेवली. आपल्या दोघांकडे पाळीपाळीने बघितलं.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली, "तुम्ही दोघं घरी थांबा. मी ओटिसला घेऊन जाते."

तू हसून आडवा झालास. मी चष्मा काढून पुसत बसलो. चष्मा वाफेने भरला होता, असं मी तिला सांगितलं.

आता तू गेल्यानंतरचं, जे तुला माहीत नाही.

तुझा ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तरी ती फाटकावर चढून बसली होती. मला वाटलं रडतेय. जवळ गेलो तर ती विचार करत होती. "एव्हरेट, शाळेत सांगायचंय. मला पहिल्यांदा कुणी नेलं म्हणून सांगू?"

हा प्रश्न मी सगळा हिवाळा स्वतःला विचारला होता. मी म्हणालो, "मला माहीत नाही. तुला काय वाटतं?"

"मी पुढं चालत होते," ती म्हणाली. "मीच तुम्हाला नेलं." आणि फाटकावरून उडी मारून आत गेली.

मी अजून मनाशी घोळवतो आहे की आठऐवजी नऊपर्यंत थांबायला हवं होतं का. तू दारात आला असतास. तुझा शब्द राहिला असता, माझाही. पण मग ती घळीत ओरडली नसती, आणि पलीकडून तू तिचं नाव घेतलेलं तिने तसं ऐकलं नसतं. ज्या चुकीतून एवढं बरं निघालं तिला चूक म्हणावं का, हे मला ठरवता येत नाही. आज मी तो नाद सोडून दिला आहे, आणि माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

एक मात्र सलतंय. त्या रात्री तू आमच्यापासून दोन कुरणांवर, पावसात, ट्रकच्या सीटवर अंग दुमडून झोपला होतास. आमच्या घरात दिवा चालू होता. तो तुला शेडमधून दिसत असणार. तू आला नाहीस, कारण दार उघडेल की नाही याची तुला खात्री नव्हती. पक्षी उडाला त्याचं मला काही वाटत नाही. याचं वाटतं.

कॉरिनशी बोललो. ती तुझा टॉवेल दोरीवर टाकत होती.

"वेडाच आहे," ती म्हणाली. "गॅरेजवरची खोली रिकामी पडलीये, आणि हा गवतात झोपतो."

"देऊ या त्याला? येईल तेव्हा उतरायला?"

"मला काय विचारतोस? जिना बाहेरून आहे. येताना-जाताना माझं तोंड बघावं लागणार नाही त्याला." दोन चिमटे लावून झाल्यावर ती पुन्हा म्हणाली, "गादी मात्र उन्हात टाकायला हवी. ऊन पडलं तर."

म्हणून हे पाकीट आज बंद करत नाही.

उद्या: गॅरेजवरच्या खोलीची दुसरी किल्ली करून आणणे.

एव्हरेट